साल काढलेले भुईफोड

भुईफोड ओळखायचा तर आधी भुई ओळखावी लागते. हे मी कुठं वाचलेलं नाही. वाचण्याएवढा मी शाळेत टिकलोच कुठं? मास्तर उर्दू शिकवायचे, घरी आम्ही मराठी बोलायचो, आणि मला त्या दोन्हींपेक्षा बैल बरे वाटायचे. पुढं लिहायला शिकलो ते माझ्या जिद्दीनं. म्हणून हे जे लिहितो आहे त्यात कुणी ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नये. भुईफोडाबद्दल मात्र कुणी चूक काढून दाखवावी.

आमचं गाव सेनगाव आणि गोरेगावच्या मधल्या डोंगरपट्टीत. तेव्हा मोगलाई होती, म्हणजे निजामाचं राज्य, आणि डोंगरावर झाडी होती. मृगात गडगडून पाऊस झाला, मग दोन-चार दिवस उघडीप पडून ऊन तापलं, की झाडाखालची जमीन बारीक तडकायची. त्या चिरेत बोट घातलं की गोळा लागायचा, बोराएवढा, कधी लिंबाएवढा. त्याला देठ नाही, छत्री नाही, पान नाही. वारुळावर येणाऱ्या सात्यांना, म्हणजे अळंब्यांना, छत्री असते, त्या गुराख्यालाही लांबून दिसतात. भुईफोड जमिनीच्या पोटातच राहतो. तेलात कांदा-लसूण घालून शिजवला तर दाताखाली आधी कुरकुरतो आणि मग लोण्यासारखा विरतो. मटण खाणारे लोक त्याच्यासाठी मटण सोडून येत.

आता सगळे गोळे सारखे नसतात. आमच्या आत्यानं त्यांना नावं ठेवली होती. ही नावं आमच्याच घरातली, दुसऱ्या गावात विचाराल तर हसतील. लोण्या, राखुंड्या आणि खेटर.

लोण्याची साल पांढुरकी आणि इतकी पातळ की अंगठ्याच्या नखानं निघते. कापला तर आत ओल्या खोबऱ्यासारखा. राखुंड्याची साल राखेच्या रंगाची, हाताला रवाळ लागते. तोही चांगला, पण आत पांढरा आहे तोवरच. आत तपकिरी झाला की टाकून द्यायचा. खेटर मात्र खायचं नाही. त्याची साल जाड, पिवळट, जुन्या वहाणेच्या चामड्यासारखी, म्हणून ते नाव. बुडाला चिवट मुळ्यांचा झुपका असतो, त्यात माती अडकून बसते. सालीला नख मारलं की ओरखडा हळूहळू लालसर होतो. मोठं झालेलं खेटर आत काळंजांभळं असतं, ते आंधळासुद्धा वासावरून फेकून देईल. पण लहान खेटर आत पांढरंच असतं. लोण्याइतकंच पांढरं. त्याची जी काही ओळख आहे ती सालीत आणि बुडाशी. हे वाक्य मी दोनदा वाचा म्हणतो, कारण पुढं जे झालं ते या एवढ्याशा गोष्टीनं झालं.

परवा नातवानं टीव्हीवर दाखवलं. परदेशात जमिनीखालचे असेच गोळे काढतात, कुत्रं पुढं हुंगत चालतं आणि माणूस मागून उकरतो. त्यांच्यातही काळा वेगळा, पांढरा वेगळा, आणि चांगल्यासारखा दिसणारा एक हलका. नातू म्हणाला, ‘‘आबा, तुमच्याकडं असं कुत्रं होतं का?’’ मी म्हणालो, ‘‘कुत्रं काहून लागतंय? आमच्या घरात आत्या होती.’’ सगळे हसले. मी हसलो नाही.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती आमच्याकडं आली. आमच्या घरात तिला जेवण-कपड्याची तकलीफ नव्हती, पण मानही नव्हता. तिचा मान फक्त मृग ते आषाढ. त्या दिवसांत शेजारपाजारच्या बाया आपापल्या टोपल्या घेऊन तिच्यापुढं बसायच्या. आत्या एकेक गोळा हातात घ्यायची, फिरवायची, बूड बघायची, नख मारायची आणि डावीकडं नाहीतर उजवीकडं टाकायची. कुणी म्हणालं, ‘‘वन्सं, हा बरा दिसतोय की,’’ तर ती म्हणायची, ‘‘दिसतोय तर नवरा करा त्याला. खाऊ नका.’’

वडील माळकरी. भुईफोड त्यांना चालत नसे. बियाशिवाय उगवतं ते अन्न नव्हे, असं त्यांचं म्हणणं. पण घरातल्या बाकीच्यांना त्यांनी अडवलं नाही, फक्त दोन नियम घातले. शिजवायचं ते बाहेर, शेळ्यांच्या गोठ्यातल्या चुलीवर, वेगळ्या मडक्यात. आणि डोंगरातली ती माती, ती साल घरच्या वळचणीला येता कामा नये. ओढ्यावरच सोलून, धुऊन आणायचं. यात काही अडचण नव्हती, कारण आत्या स्वतः डोंगरात यायची. जागेवर निवडायची आणि मगच ओढ्यावर सोलायची. मी टोपलं उचलायला आणि वाटेत साप दिसला तर काठी मारायला.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्नाचं वय झालं होतं. नरसीच्या अलीकडच्या एका गावातलं स्थळ आलं. घर चांगलं, विहिरीला पाणी, मुलगा एकुलता. पण आईला त्यातलं एकच आवडलं होतं. ते गाव आमच्या गावाहून सकाळी निघालं तर भाकरीच्या वेळेला पोचावं इतकं जवळ होतं. आईच्या दोन बहिणी लांब दिल्या होत्या, त्यांची तोंडं तिनं लग्नानंतर दोन-तीनदाच पाहिली होती. ती म्हणायची, ‘‘माझी पोरगी पंचमीला पायी यावी. गाडी जुंपायची वाट बघायला लागू नये.’’ बहीण काही बोलत नव्हती, पण त्या गावाचं नाव निघालं की भाकरी थापायचा आवाज थांबायचा.

पाऊस झाला होता, रान ओलं होतं, वखर चालत नव्हते. तेवढ्या सवडीत मुलीला बघायला येतो, असा निरोप मुलाच्या चुलत्यानं धाडला. हा चुलता मोठा बोलका माणूस. निरोपातच म्हणाला, ‘‘बुवांच्या घरी मटण मिळायचं न्हाई हे ठाऊक हाय. पण तुमच्या डोंगरातले भुईफोड खाऊ घाला, मंग पोरीला काही इचारतच न्हाई.’’ हे ऐकून आई हरखून गेली. पाहुण्यानं तोंडानं मागितलं म्हणजे मनात होकार आहे, असं तिनं धरलं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी आत्यानं काठी घेतली आणि माझ्याबरोबर निघाली. आईनं तिला दारात अडवलं.

‘‘वन्सं, आज तुमी नका जाऊ.’’

‘‘काहून?’’

‘‘पाव्हणे त्याच वाटेनं येऊन राहिले. समोरासमोर झालात तर?’’

शुभ कामाला निघालेल्या माणसांना विधवा बाई आडवी जाऊ नये, एवढंच आईचं म्हणणं. त्या काळी कुणाच्याही आईचं हेच म्हणणं असायचं. आत्यानं काठी भिंतीला लावली. मला म्हणाली, ‘‘जा बाबा तू. बुडाकडं बघ. मोठ्याच्या नादी लागू नको.’’ आणि गोठ्यात जाऊन बसली.

मी एकटा गेलो. भुईफोड रग्गड निघाले त्या दिवशी. बुडाकडं बघ म्हणाली तसं बघितलं. मुळ्यांचा झुपका दिसला की टाकला. मोठी खेटरं मी ओळखत होतो, आजही ओळखतो. पण चिखल ओला होता, गोळ्यांना चिकटला होता, आणि बारक्यांच्या बुडाशी मूळ कुठलं आणि चिखल कुठला हे धुतल्याशिवाय कळत नव्हतं. मग ओढ्यावर आलो. नियमाप्रमाणं सोलले, धुतले, साली पाण्यात सोडल्या. टोपलीभर पांढरेशुभ्र गोळे घेऊन घरी आलो. आई म्हणाली, ‘‘मोत्यावानी दिसून राहिले.’’

आत्यानं टोपली मांडीवर घेतली, एक गोळा उचलला, दुसरा उचलला, आणि माझ्याकडं बघितलं.

‘‘साली कुठं हायेत?’’

‘‘ओढ्यात सोडल्या. घरी आणायच्या नसतात ना.’’

‘‘अन् बूड?’’

‘‘बूडही खरडलं. माती व्हती.’’

‘‘मंग मी वळखू कशावरून? नागडी पोरं वढ्यात उभी केली तर कोणाचं कोणतं ते सांगता येतंय का?’’

तरी तिनं प्रयत्न केला. एकेक कापला, नाकाला लावला, जिभेच्या टोकाला लावून थुंकली. काही बाजूला काढले. मग आईला म्हणाली, ‘‘वयनी, हे शिजवू नका. मला खात्री देता येत न्हाई. वांग्याचं भरीत करा.’’

‘‘पाव्हण्यानं तोंडानं मागितलं अन् मी वांगं वाढू?’’

‘‘वांग्यानं कुणी मरत न्हाई.’’

‘‘तुमी एक खाऊन बघा की.’’

आत्यानं एक गोळा निखाऱ्यावर भाजून खाल्ला. म्हणाली, थांबा, दिवस कलेपर्यंत थांबा, मग सांगते. पण तेवढ्यात वेशीतून गाड्यांच्या घंटा ऐकू आल्या आणि आईनं मडकं चुलीवर चढवलं. आत्यानं खाल्लेला गोळा लोण्या होता. तिला काही झालं नाही. टोपलीत पन्नास जण सज्जन आणि चार चोर असतील, तर एकाला हात लावून काय कळणार?

जेवणं झाली. चुलत्यानं तीनदा मागून घेतलं, मुलानंही. मुलगा लाजरा होता, पण ताट पुसून खाल्लं. बहीण पाणी वाढायला आली तेव्हा चुलता म्हणाला, ‘‘पोरी, तू केलंस का हे?’’ तिनं मान हलवली. नाही म्हणाली की हो, कुणाला कळलं नाही. सगळे हसले. वडील बाजूला आपली ज्वारीची भाकरी आणि ताक घेऊन बसले होते, तेही हसले. मला तो घटका-दोन घटकांचा वेळ फार नीट आठवतो. लग्न जमलं होतं. कुणी बोललं नव्हतं, पण जमलं होतं.

मग मुलाला घाम फुटला. पाठोपाठ चुलता उठून लिंबाखाली गेला. दोघांनाही ओकाऱ्या सुरू झाल्या, पोटात कळा, अंग थंड. सगळा गाव गोळा झाला. कुणी मीठपाणी पाजलं, कुणी तूप. आत्या गोठ्यातून हाका मारत होती, ‘‘ओकू द्या, अडवू नका, पाणी पाजत ऱ्हावा.’’ तसंच केलं. दिवस मावळायच्या आत दोघं उठून बसले, चेहरे पांढरे, पण शुद्धीत. पेज प्यायले.

इथं एक गोष्ट चुलत्याच्या बाजूनं सांगितली पाहिजे. तो माणूस वाईट नव्हता. पेजेचं भांडं खाली ठेवून म्हणाला, ‘‘बुवा, तीनदा मागून खाल्लं ही माझी हावरटी. पोटाचं काय, आज दुखलं, उद्या बरं व्हतंय. पोरीचा काय दोष?’’

वडिलांनी हात जोडले. तिथं आम्ही सगळ्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण आई घाबरलेली होती. तिला वाटलं, मुलीच्या हाताला नाव लागेल. ती म्हणाली, ‘‘पोरीनं हातसुद्धा लावला न्हाई हो. निवडायचं काम आमच्या नणंदेकडं. ती बिचारी विधवा बाई, तिची नजर आता ऱ्हायली न्हाई.’’

चुलत्याचं तोंड उतरलं. ‘‘विधवा बाईच्या हातचं वाढलंत? आज? सोयरीक बघायच्या दिवशी?’’

आत्या गोठ्याच्या दारात उभी होती. तिनं ऐकलं आणि पदर पुढं ओढून आत गेली. मला ते सहन झालं नाही. मी पुढं झालो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, ‘‘माझ्या आत्याच्या नजरेला नाव ठेवायचं न्हाई. तिनं सांगितलं व्हतं, शिजवू नका म्हणून. साफ सांगितलं व्हतं.’’

चुलता माझ्याकडं बघत राहिला, मग वडिलांकडं वळला.

‘‘म्हंजे ठाऊक व्हतं तुमाला? ठाऊक असून वाढलं?’’

वडिलांना काही ठाऊक नव्हतं. ते भुईफोडाच्या टोपलीकडं बघतही नसत. आई खाली बसली. मला म्हणायचं होतं की तसं नाही, खात्री नव्हती म्हणून ती तसं म्हणाली. पण तोंडातून निघालेलं ‘साफ सांगितलं’ आता परत घेणार कसं? आणि घेतलं तर आत्याचं काय? चूक पोटात घातली असती त्या माणसानं. जाणून केलेलं कोण पोटात घालणार? त्यांनी बैल जुंपले. मुलगा गाडीत आडवा झाला होता. चुलता जाताना वडिलांना एवढंच म्हणाला, ‘‘बुवा, माळ घालून असं?’’

यात दोष कुणाचा, याचा काथ्याकूट आमच्या घरात वर्षानुवर्षं चालला. आईनं आत्याला जाऊ दिलं नाही. वडिलांच्या नियमानं साली ओढ्यात गेल्या. टोपली मी आणली. चूल आईनं पेटवली. हे सगळं मी एकट्याच्या अंगावर घेणार नाही, तेव्हाही घेतलं नाही. आणि आत्यासाठी बोललो ते खरंच बोललो. पण खरं बोलून मी बहिणीचं जवळचं घर मोडलं, हे मात्र उरतंच. ते कुठं ठेवावं हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

आत्यानं त्यानंतर भुईफोडाला हात लावला नाही. पुढच्या मृगात बाया टोपल्या घेऊन आल्या तर म्हणाली, ‘‘माझी नजर गेली. घरात इचारा.’’ बाया परत गेल्या. काही वर्षांनी आमच्या गावात कुणी भुईफोड खाईनासंच झालं. मला जेवढं येतं तेवढं मी वर लिहिलं आहे. आत्याला याच्या चौपट येत होतं. कुठल्या झाडाखालचा राखुंड्या कडवट लागतो, लोण्या किती दिवसांचा झाला की सोडून द्यायचा, हे मी विचारायला हवं होतं. विचारायला जायचो, आणि तिचा चेहरा बघून शेळीचं दूध किती निघालं, असलं काहीतरी विचारून यायचो.

विष वाढणारं घर म्हणून आमचं नाव आसपासच्या गावांत झालं. जवळचं एकही स्थळ येईना. शेवटी बहिणीला पैनगंगेपलीकडं, वऱ्हाडात, मेहकरच्याही पुढं दिली. जावई भला निघाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण वाट गाडीनं मुक्काम करत जायची, मध्ये नदी, आणि नदीवर मोगलाईचा नाका. पहिली काही वर्षं ती दिवाळीला आली. मग मुलं झाली, सासू आजारी पडली, आणि येणं विरळ झालं. मोगलाईच्या शेवटच्या वर्षी तर इतकी धामधूम माजली की आमच्या भागातले लोकच पोरंबाळं घेऊन नदीपलीकडं पळत होते. तिकडून इकडं कोण कशाला येईल? आई रोज म्हणायची, एकदा पोरीला बघते, मग काही होऊ दे.

मोगलाई संपली, वाट मोकळी झाली, तसा मी गाडी जुंपून बहिणीला आणायला गेलो. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मला बघून धावत आली, रडली, हसली, माझ्या पांढऱ्या केसांची चेष्टा केली. तिची बोली बदलली होती. मुलं माझ्याकडं परक्यासारखी बघत होती. जेवताना मी म्हणालो, उद्या पहाटे निघू.

‘‘दादा, मी कशी येऊ? सासू अंथरुणाला खिळून हाय. म्हैस व्यायला झाली. धाकट्याला ताप येऊन राहिला.’’

‘‘चार दिवस. आईनं डोळे लावलेत.’’

‘‘चार दिवस जायलाच लागतात. मंग राहू कवा?’’

तिनं ताटात आणखी भाकरी टाकली आणि खाली बघत म्हणाली, ‘‘त्या दिवशी तू आत्याच्या बाजूनं उभा राहिलास, ते मला लई बरं वाटलं व्हतं. मी आतून ऐकत व्हते.’’ मग म्हणाली, ‘‘फक्त पाव्हणे गेल्यावर बोलला असतास, तर बरं झालं असतं रे.’’

हे ती रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर मी भांडलो असतो.

परत आलो तेव्हा आई वेशीपाशी दगडावर बसली होती, बाजूला आत्या उभी. लांबून गाडीतलं गवत बघून आई उठली, मग गाडी जवळ आल्यावर तिला दिसलं की नुसतं गवतच आहे. मी म्हणालो, ‘‘ती खुशाल हाय. येईन म्हणाली, म्हैस व्याल्यावर.’’

आईनं गाडीचा कठडा धरला. माझ्याकडं न बघता, आत्याकडं न बघता म्हणाली, ‘‘नरसीकडं दिली असती, तर आज पायी आली असती.’’

आत्या पुढं झाली, बैलांच्या वेसणी धरल्या आणि गाडी घराकडं वळवली. आई आणि मी मागून चालत गेलो.